मायकेल फॅरडे आणि माणकाच्या रंगाचे सोने



मोठ्या इस्पितळांत एम. आर. आय. अथवा सी. टी. स्कॅन नामक तपासणी करवून घेण्याचा प्रसंग हल्ली पुष्कळ कुटुंबांवर येतो. रोग्यास यंत्रात नेण्यापूर्वी कित्येकदा त्याच्या शिरेत एक द्रव्य टोचतात. त्याने रोग बरा होत नाही. रोग कोठे आहे हे चित्रात स्पष्ट दिसावे एवढ्याचसाठी ते दिलेले असते. डॉक्टर त्यास कॉन्ट्रास्ट म्हणतात. आम्ही ह्या लेखात त्यास दर्शक द्रव्य म्हणू. खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आप्तांच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न घोळत असतो, तो हा की, आत गेलेले हे द्रव्य आपले काम करून निमूटपणे बाहेर येईल ना? प्रश्न भोळा वाटला तरी भोळा नाही. त्याकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे गेल्या शतकात कित्येक माणसे प्राणास मुकली, हे पुढे सांगण्यात येईलच.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणारे आजचे शास्त्रज्ञ ज्या वाटांनी चालले आहेत, त्यांपैकी दोन वाटांवर पहिले पाऊल टाकणारा पुरुष १८६७ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे, मरण पावला. विजेच्या शोधांमुळे त्याचे नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. परंतु त्याने रक्तावर व सोन्यावर जे प्रयोग केले, त्यांचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. त्या मायकेल फॅरडे यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात निवेदन करणार आहोत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडन शहरालगत न्यूइंग्टन बट्स येथे झाला. बाप जेम्स हा लोहार. उत्तर इंग्लंडातून पोट भरावयास तो राजधानीकडे आला होता. त्याची प्रकृती क्षीण असल्यामुळे भट्टी रोज पेटेलच असा नेम नसे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा त्याच्या वाट्यास आठवड्यास एकच पाव येई व तोच त्यास सात दिवस पुरवावा लागे, असे सांगतात.

घरात द्रव्य नव्हते, तरी भक्ती होती. हे कुटुंब सँडेमानियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीतील होते. नव्या करारातील शिक्षण साधेपणाने जसेच्या तसे आचरणात आणावे, धनाचा साठा करू नये, मंडळीतील सर्वांनी एकमेकांस भावंडे मानावे, अशी त्यांची शिस्त असे. ह्या शिस्तीचा ठसा मायकेलच्या मनावर जो उमटला तो जन्मभर पुसला गेला नाही.

शाळेचे भाग्य मात्र त्यास फारसे लाभले नाही. वाचन, लेखन व अंकगणित ह्यांची तोंडओळख झाली, तेवढेच त्याचे शिक्षण. लहानपणी त्यास 'र' हे अक्षर नीट उच्चारता येत नसे. ते त्याच्याकडून बळेच म्हणवून घ्यावे म्हणून शिक्षिकेने त्याच्याच थोरल्या भावास छडी विकत आणावयास पाठविले. त्या स्वाभिमानी भावाने घरी जाऊन आईस सारे सांगितले, आणि आईने दोन्ही मुलांस त्या शाळेतून काढले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. आम्हां शिक्षकमंडळीस ही गोष्ट वाचून खाली मान घालावी लागते. जगास विजेचे ज्ञान देणारा मुलगा एका अक्षरापायी शाळेला मुकला!

१८०४ साली मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो ह्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून राहिला. घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवावी व परत आणावी, हे त्याचे काम. त्याचा प्रामाणिकपणा पाहून रीबो यांनी दुसऱ्याच वर्षी त्यास पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतले व त्याबद्दल रिवाजाप्रमाणे द्यावयाची रक्कमही मागितली नाही. ही उमेदवारी सात वर्षांची होती. दिवसा पाने शिवावी, पुठ्ठे चिकटवावे, कातडे चढवावे. आणि काम संपले म्हणजे जे पुस्तक बांधावयास आले असेल तेच वाचीत बसावे, असा त्याचा क्रम पडला. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरील लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट ह्या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही त्याच्या हाती असेच आले. वाचलेले खरे की खोटे हे पडताळून पाहिल्यावाचून त्यास चैन पडत नसे. खाऊच्या पैशांतून बाटल्या विकत आणून त्याने दुकानाच्या मागील खोलीत लहानसे वीजयंत्रही तयार केले. शहरात शास्त्रावर व्याख्याने होत, त्यांची फी दर व्याख्यानास एक शिलिंग असे. ती लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट आपल्या मजुरीतून भरी.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका सद्गृहस्थाने त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, सुवाच्य अक्षरांत टिपून काढली, आकृत्या काढल्या, आणि सारे कागद आपल्या हातांनी उत्तम बांधून ते पुस्तक डेव्ही यांजकडे पाठविले. सोबत आपणांस शास्त्राच्या सेवेत घ्यावे अशी विनंती केली. डेव्ही यांनी भेट दिली. परंतु जागा रिकामी नव्हती. पुढे लवकरच प्रयोगशाळेतील एका मदतनिसास भांडणावरून काढून टाकण्यात आले व मार्च १८१३ मध्ये ती जागा मायकेलास मिळाली. आठवड्यास पंचवीस शिलिंग वेतन आणि माडीवरील दोन खोल्या. बावीस वर्षेही न भरलेल्या त्या तरुणास ते सिंहासनाहून अधिक वाटले.

त्याच साली डेव्ही दांपत्य युरोपच्या प्रवासास निघाले. फॅरडे मदतनीस म्हणून गेले खरे, पण डेव्हींच्या पत्नीने त्यांस चाकरासारखे वागविले. अपमान सहन न होऊन परत फिरावे, असा विचार त्यांच्या मनात अनेकदा आला. तथापि पॅरिस येथे अँपिअर व मिलान येथे वृद्ध व्होल्टा यांची भेट झाली. ज्यांची नावे आज विजेच्या मापांस दिलेली आहेत ते हेच पुरुष. दीड वर्षाचा तो प्रवास हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

ह्यापुढील यश सर्वांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही ते संक्षेपाने सांगतो. १८२१ साली विजेच्या तारेस चुंबकाभोवती फिरविण्याचा प्रयोग त्यांनी साधला. १८२३ साली क्लोरीन वायूचा द्रव केला. १८२५ साली बेंझीन हा पदार्थ शोधून काढला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारांच्या साहाय्याने चुंबकत्वापासून वीज उत्पन्न होते हे त्यांनी दाखविले. आज वीजगृहांतून जी वीज येते तिच्यापैकी बहुतेक ह्याच तत्त्वावर निर्माण होते. १८२४ साली रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून त्यांची निवड होत असता खुद्द डेव्ही यांनीच विरोध केला. तरीही ज्यांनी आपणांस दुकानातून उचलून प्रयोगशाळेत आणिले त्या गुरूंविषयी फॅरडे जन्मभर आदरानेच बोलत राहिले.

१८२१ च्या जून महिन्यात आपल्याच मंडळीतील सारा बर्नार्ड ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढील महिन्यात त्यांनी मंडळीसमोर आपला विश्वास प्रकट केला. पुढे ते मंडळीचे वडीलही झाले. त्यांस मूल झाले नाही. पण लंडनमधील मुलांसाठी नाताळच्या सुटीत होणारी व्याख्याने त्यांनी मोठ्या प्रेमाने दिली. अशा एकोणीस माला त्यांनी गुंफल्या आणि एका साध्या मेणबत्तीवरील त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात.

आता आम्ही मुख्य विषयाकडे वळतो. १८४० च्या सुमारास अतिश्रमाने फॅरडे यांची प्रकृती ढासळली. घेरी येऊ लागली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. १८४१ साली त्यांस स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी जावे लागले व मोठे संशोधन काही वर्षे जवळजवळ थांबले. कोणासही वाटावे की, ह्या पुरुषाचे कार्य संपले. पण १८४५ च्या शरद ऋतूत ते पुन्हा प्रयोगशाळेत उभे राहिले. पूर्वी दुर्बिणीच्या भिंगांसाठी त्यांनी शिसे घातलेली एक जड काच तयार केली होती. दुर्बिणीच्या कामी तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नव्हता. त्याच काचेचा तुकडा आता त्यांनी प्रबळ विद्युच्चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगला. लोखंडाची कांडी असती तर ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रोख धरती. काच मात्र आडवी फिरली. चुंबकापासून जणू ती अंग चोरीत होती.

हे पाहताच फॅरडे यांनी हातास येईल ती वस्तू चुंबकात टांगण्याचा सपाटा लाविला. लाकूड, पाव, सफरचंद, गोमांस अशी किती तरी द्रव्ये त्यांनी तपासली, आणि चुंबकापासून अतिशय मंद का होईना पण दूर सरणारे पदार्थ जगात विपुल आहेत असे त्यांस आढळून आले. सृष्टीतील पदार्थांचे त्यांनी दोन वर्ग केले : एक चुंबकाकडे ओढले जाणारे व दुसरे त्यापासून दूर सरणारे. त्यांनी रक्तही तपासले. रक्तात लोह असते हे त्या काळी ठाऊक होते. तेव्हा रक्त चुंबकाकडे ओढले जाईल अशी अपेक्षा. पण वाळलेले रक्त ओढले गेले नाही. फॅरडे यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. ताजे, पातळ रक्तही पाहावयास हवे, एवढी नोंद त्यांनी आपल्या वहीत केली.

ही वही हे त्यांच्या चरित्राचे मर्म होय. स्मरणशक्तीचा भरवसा न उरल्यामुळे म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, पाहिलेली प्रत्येक गोष्ट, साधलेली असो वा फसलेली, ते क्रमांक घालून लिहून ठेवीत. ह्या क्रमांकित नोंदी सोळा हजारांहून अधिक भरल्या. रक्ताचे कोडे पुढे १९३६ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियेल ह्यांनी उलगडले. रक्तातील लोहयुक्त हिमोग्लोबिनास प्राणवायू जडलेला असतो तेव्हा ते चुंबकापासून दूर सरते. प्राणवायू सोडला की तेच चुंबकाकडे ओढले जाते. फॅरडे यांनी केलेल्या दोन्ही वर्गांत एकाच रक्ताची अशी ये-जा चालते!

त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे १८५६ साली, वयाच्या पासष्टीस टेकलेले फॅरडे सोन्याकडे वळले. प्रकाशाचे गुणधर्म तपासण्यासाठी त्यांस धातूचा अत्यंत पातळ पापुद्रा पाहिजे होता, आणि सोन्याचा वर्ख हा त्यास सोयीचा. वर्ख आणखी पातळ करून धुताना धुवणाच्या पाण्यास फिकट तांबूस छटा येते, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा कोणी ते पाणी फेकून देता. फॅरडे यांनी ते राखून ठेविले. मग सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्यावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी मुद्दाम तसाच द्रव बनविला. तो माणकासारखा तांबडा निघाला. त्यातून भिंगाने प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळून दिसे. खोलीतील कवडशात धूलिकण चमकतात तशी. ह्यावरून त्यांनी अनुमान केले की, सोने ह्यात विरघळलेले नसून धातूरूपानेच, परंतु सूक्ष्मदर्शकासही न दिसतील इतक्या बारीक कणांनी, तरंगत आहे. हे अनुमान खरे ठरले. अशा कणांस आज नॅनोकण म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; आणि काही नॅनोमीटरांपासून शंभरापर्यंतचे हे कण.

येथे फॅरडे यांनी एक लहान प्रयोग केला, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. माणकाच्या रंगाच्या त्या द्रवात थोडे मीठ टाकताच तो निळा पडे व पुढे कण तळाशी बसत. मिठामुळे कण एकमेकांस चिकटत होते. परंतु प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून निघणारे जिलेटीन थोडेसे आधी मिसळले, तर मिठाची मात्रा चालेना. कण सुटे राहत व रंग टिकून राही. प्राणिजन्य पदार्थाचे पातळ आवरण धातूच्या कणास सांभाळते, ही गोष्ट अशी नजरेस आली. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे संशोधन मांडले. खुद्द त्यांस मात्र एवढे श्रम करून हाती फारसे काही लागले नाही असेच वाटले, व आपल्या वहीत त्यांनी तशा अर्थाची नोंदही केली. त्यांच्या हातच्या सोन्याच्या द्रवाची बाटली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेली असून तिचा रंग दीडशेहून अधिक वर्षे टिकला आहे.

पुढे त्यांची शक्ती ओसरत गेली. सरदारकीचा किताब त्यांनी नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. साधा मायकेल फॅरडे म्हणूनच शेवटपर्यंत राहावे अशी त्यांची इच्छा होती. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीने हॅम्पटन कोर्ट येथे त्यांस राहावयास घर दिले. स्मृती जवळजवळ मावळली तेव्हाही त्यांची प्रभूवरील श्रद्धा ढळली नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, खुर्चीत बसले असतानाच, त्यांनी शांतपणे देह ठेविला. त्यांचे दफन हायगेटच्या स्मशानभूमीत अगदी साधेपणाने झाले.

आता लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लाविला व हाडे दिसू लागली. पण रक्तवाहिन्या, आतडी, यकृत असे मऊ अवयव एकमेकांपासून वेगळे ओळखता येईनात. ज्यातून क्ष-किरण सहज पार होत नाहीत असे एखादे जड द्रव्य त्यांत भरावे, म्हणजे ते उठून दिसतील, ही युक्ती डॉक्टरांस लवकरच सुचली. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य प्रचारात आले. तेही अतिसूक्ष्म कणांचेच, परंतु थोरियम ह्या किरणोत्सर्गी धातूच्या ऑक्साइडाचे. चित्रे अप्रतिम येत. टोचताना त्रास होत नसे. सर्वत्र समाधान होते. एकच गोष्ट राहिली : ते द्रव्य शरीराबाहेर जात नव्हते. यकृतात व प्लीहेत ते ठाण मांडून बसले व आतल्या आत किरण सोडीत राहिले. वीस-तीस वर्षांनी कित्येक रोग्यांस यकृताचा कर्करोग झाला. १९५० नंतरच्या दशकात त्याचा वापर सुटला. पण ज्यांच्या शरीरात ते एकदा गेले होते त्यांच्यापुरता उपाय उरला नव्हता.

पुढे एम. आर. आय. आले. त्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनाकडून मिळणाऱ्या संदेशांवरून चित्र काढतात. चुंबकाकडे ओढला जाणारा, म्हणजे फॅरडे यांच्या पहिल्या वर्गातील, एखादा पदार्थ जवळ असला की हा संदेश पालटतो व तो भाग अधिक उजळ किंवा अधिक काळा दिसतो. ह्यासाठी गॅडोलिनियम नावाचा धातू वापरतात. असे पहिले द्रव्य १९८८ साली अमेरिकेत मान्य झाले. मोकळे गॅडोलिनियम विषारी, म्हणून त्यास दुसऱ्या रेणूच्या मिठीत जखडून देतात आणि बहुतेकांच्या मूत्रावाटे ते निघून जाते. लक्षावधी रोग्यांस त्याचा लाभ झाला आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु २००६ साली असे उघडकीस आले की, ज्यांची मूत्रपिंडे फार बिघडलेली आहेत अशांपैकी काहींची त्वचा व आतील भाग त्यामुळे कठीण होत जातात. २०१४ साली जपानी डॉक्टरांस पुष्कळदा हे द्रव्य घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश राहत असल्याच्या खुणा दिसल्या. त्यानंतर ज्यांची मिठी सैल अशा कित्येक द्रव्यांवर युरोपात निर्बंध घालण्यात आले.

मग अधिक निर्धोक द्रव्य कोठे शोधावे? शास्त्रज्ञ आता सृष्टीकडेच विद्यार्थी होऊन जाऊ लागले आहेत. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात फेरिटिन नावाचे प्रथिन आहे. त्याचे चोवीस तुकडे मिळून सुमारे बारा नॅनोमीटर व्यासाची पोकळ डबी होते व तीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू सुखरूप राहतात. निर्मात्याने लोह साठविण्यासाठी बनविलेली ही डबी दर्शक द्रव्याची वाहक म्हणून वापरता येईल काय, ह्याचे प्रयोग चालू आहेत. चिखलात राहणारे काही जंतू आपल्या देहात चुंबकी लोहाचे स्फटिक घडवितात, प्रत्येकाभोवती स्निग्ध पडदा गुंडाळतात व त्यांची माळ करून होकायंत्राप्रमाणे दिशा ओळखतात. १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून त्या स्फटिकांचा अभ्यास होत आहे. केसांस व त्वचेस वर्ण देणारे मेलॅनिन धातूस घट्ट धरून ठेवते. त्याच्या धर्तीवरही कण बनवितात. २०११ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कृत्रिम कणांवर तांबड्या रक्तपेशींचा पापुद्रा चढविला, जेणेकरून शरीरातील पहारेकरी पेशी त्यांस परके समजून लगेच पकडू नयेत. लोहाचा विशेष गुण असा की, काम झाल्यावर शरीर त्यास आपल्या भांडारात जमा करून घेते व त्याचे पुन्हा रक्त बनविते.

सोन्याचे कणही ह्या कामी तपासले जात आहेत, कारण आयोडीनपेक्षा सोने जड असल्याने क्ष-किरणांस ते अधिक अडविते. पण रक्त खारट आहे. उघडे सोने त्यात गेले तर फॅरडे यांच्या बाटलीत मीठ पडल्यावर जे झाले तेच व्हावयाचे. म्हणून त्या कणांवर प्रथिनाचे, स्निग्ध पदार्थाचे अथवा तत्सम दुसरे आवरण चढवितात. जिलेटीनच्या त्या लहानशा प्रयोगातील तत्त्व हेच नव्हे काय? आणि रक्ताचे सांगावयाचे तर, १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की, प्राणवायू सोडलेले रक्त हेच एम. आर. आय.मध्ये दर्शक द्रव्याचे काम करते. मेंदूचा कोणता भाग कार्यात गुंतला आहे हे आज सुई न टोचता ह्याच रीतीने पाहता येते. देवाने शरीरातच ठेविलेले हे दर्शक द्रव्य!

पालकांची दिशाभूल होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. वरील निसर्गानुसारी कणांपैकी बहुतेक अद्याप प्रयोगशाळेत आहेत. शर्करावर्गीय आवरण असलेल्या लोहकणांचे फेरुमॉक्सिटॉल नावाचे एक औषध २००९ साली अमेरिकेत रक्तक्षयासाठी मान्य झाले व गॅडोलिनियम न मानवणाऱ्या काही रोग्यांत डॉक्टरांनी त्याचा दर्शक म्हणूनही उपयोग केला आहे. तथापि त्यानेही क्वचित तीव्र प्रतिक्रिया होते. सोने गंजत नाही ही त्याची थोरवी, पण तीच त्याची अडचण. सुमारे साडेपाच नॅनोमीटरांहून मोठे कण मूत्रपिंडातून सहज गळून जात नाहीत आणि यकृतात दीर्घकाळ राहू शकतात. केवळ निसर्गाचे नाव घेतल्याने कोणतेही द्रव्य निर्दोष होत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हे वाचून कोणी आवश्यक तपासणी टाळू नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी एखाद्या औषधाची झालेली बाधा डॉक्टरांस आधी मोकळेपणाने सांगावी, आणि कोणते द्रव्य देणार आहा हे विनयाने विचारावे. असे विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांनो, थोरोट्रास्टच्या गोष्टीत वाईट हेतू कोणाचाच नव्हता. चित्र सुरेख आले एवढ्याने समाधान मानले गेले, आणि कण मागे कोठे राहिला हे पाहण्याचा धीर धरला गेला नाही. फॅरडे यांच्यापाशी तो धीर होता. काच दुर्बिणीस फारशी उपयोगी पडली नाही तरी त्यांनी ती टाकली नाही. धुवणाचे तांबूस पाणी ओतून दिले नाही. रक्ताने अपेक्षेप्रमाणे साक्ष दिली नाही तेव्हा तसे लिहून ठेविले. जे काम त्यांस स्वतःस जवळजवळ निष्फळ वाटले, त्याच्या आधारे आज दुसऱ्यांचे प्राण वाचविण्याचा यत्न चालला आहे. आपल्या कोणत्या कामास केव्हा फळ येईल, हे पेरणाऱ्यास दिसत नाही. ते पीक आणणाऱ्याच्या हाती आहे.

पुढील वर्षी तुमच्यापैकी काही जण प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकतील. प्रयोग फसला म्हणजे वहीतील ते पान फाडण्याचा मोह अनेकांस होतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. ते पान फाडू नका. जे दिसले ते तारीख घालून जसेच्या तसे लिहा आणि वही आमच्याकडे आणा.